रुपया येतो कुठून?

विद्यापीठामुळे गावाच्या अर्थव्यवस्थेत दरसाल किती भर पडते, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : गाव म्हणजे कुठवर? प्रादेशिक अर्थशास्त्रात हद्द हलली की आकडा हलतो, आणि आपल्याकडे विद्यापीठांच्या हद्दीच चमत्कारिक. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर गणेशखिंडीत. पण त्याची संलग्न महाविद्यालयं पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत. मालेगावच्या कॉलेजातली मुलगी कागदोपत्री पुणे विद्यापीठाची. तिचा खर्च पुण्याच्या नावावर मांडायचा का? उलट सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा मुलगा बहुतेक वेळा कुठल्याच विद्यापीठाच्या पटावर नसतो. तरी त्याचे पैसे बिनदिक्कत ‘विद्येच्या माहेरघरा’च्या खात्यात जमा धरले जातात.

मोजणीची रूढ पद्धत १९७१ साली अमेरिकेत कॅफ्री आणि आयझॅक्स यांनी घालून दिली. संस्था, कर्मचारी, विद्यार्थी आणि पाहुणे यांचा स्थानिक खर्च काढायचा आणि त्याला गुणक लावायचा. सगळी जादू या गुणकात. समजा, मेसमध्ये दिलेल्या १०० रुपयांपैकी ४० रुपये गावातच पुन्हा खर्च झाले, त्यातले १६ पुन्हा, असं होत गेलं तर एकूण उलाढाल सुमारे १६७ रुपये होते. हेच ४० ऐवजी ६० धरा, उलाढाल थेट २५० वर जाते. मेसचा गहू कुठून येतो, तेलाचा डबा कुणाचा, खोलीमालक भाडं कुठे गुंतवतो, हे दारोदार जाऊन विचारल्याशिवाय त्या दोहोंतला कुठला आकडा खरा ते कळत नाही. बहुतेक अहवाल विचारत नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी शहराचा गुणक उचलतात.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे विद्यापीठ नसतं तर काय झालं असतं? कोथरूडची मुलगी पुण्यातच शिकली, तर तिच्या चहा-वडापावचे पैसे एरवीही पुण्यातच राहिले असते. ती भर नव्हे. लातूरहून आलेल्या मुलाचे पैसे ही पुण्यासाठी खरी आवक, पण लातूरच्या बाजारपेठेला तेवढीच गळती. महाराष्ट्राच्या हिशेबात दोन्ही बाजू जवळजवळ फिटतात. पुण्याच्या अहवालात लातूरचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मुलं गावी गेली, मेस बंद पडल्या, खोल्या रिकाम्या झाल्या. विद्यापीठाविना पुणं कसं दिसेल ते कळलं, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला ते पटत नाही. त्या काळात लग्नाची कार्यालयं आणि कापडाची दुकानंही बंदच होती; एकट्या शिक्षणाचा परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही.

मग विद्यापीठाचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. फक्त तो मेसच्या बिलात शोधायचा नसतो. व्हॅलेरो आणि व्हॅन रीनन यांनी ७८ देशांतल्या सुमारे १५,००० विद्यापीठांचा अभ्यास केला. लोकसंख्येच्या प्रमाणात विद्यापीठं दुप्पट झाली, तर त्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न पुढे सुमारे ४ टक्क्यांनी जास्त आढळतं, असं त्यांना दिसलं. हा परिणाम नुसत्या खर्चाचा नव्हे. शिकलेली माणसं आणि नवी तंत्रं यांचा त्यात वाटा आहे. अर्थात तो दिसायला वर्षं जातात, आणि कुलगुरूंची मुदत असते पाच वर्षांची. त्यामुळे मेसचं बिलच मोजलं जातं.

निदान नव्या, लहान विद्यापीठांनी तरी सुरुवात वेगळी करावी. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ मधलं. अशा ठिकाणी प्रवेशअर्जावर एक प्रश्न वाढवावा : हे विद्यापीठ नसतं तर तू कुठे शिकायला गेला असतास? आणि पदवीनंतर पाच वर्षांनी त्याच मुलाला फोन करून, तो आता कुठे राहतो आणि काय करतो, ते विचारावं. एवढी माहिती नीट जमा झाली, तर गुणकाचं गणित मी फुकट करून देईन.