आजीचा रस्ता

मुलांनो, तुमची शाळेची व्हॅन दिवाळीच्या सुट्टीत काय करते? माझ्या दिरांची व्हॅन तर नुसती दारात उभी असते. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने टीव्हीवर एक गाडी पाहिली. आत झोपायला पलंग, कोपऱ्यात ओटा! परदेशातली माणसं अशा गाडीतून डोंगरदऱ्या हिंडतात म्हणे. झालं, "आई, आपणपण असंच जायचं!" म्हणून हट्ट सुरू.

मग आम्ही व्हॅनची मागची बाकं काढली. सतरंजी अंथरली, वर गोधड्या. एक छोटी गॅसची शेगडी, पाण्याचा जार, चिवड्याचा डबा. खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे. फिरतं घर तयार! माणसं पाच : मी, मुलांचे बाबा, पाचवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे मुलांची आजी. जालन्याहून उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराकडे निघालो.

राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन भोकरदनला आलो. तिथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. "हे जुनं भोगवर्धन बरं का! सांचीच्या स्तूपावर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झालं, त्यात हस्तिदंती मूर्ती सापडली. तशीच एक पार इटलीत, पॉम्पेईत मिळाली आहे. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं." मुलं ऐकत होती. आजी खिडकीबाहेर बघत होती.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. खड्डे, धूळ, कडेला खडीचे ढीग. आणि फट्! टायर पंक्चर.

"काय घाणेरडा रस्ता आहे!" मुलगा वैतागला.

"लेकरा, ह्या रस्त्याला नावं ठिवू नको," आजी म्हणाली. "ह्याची खडी म्या फोडलीय."

आम्ही सगळे बघतच राहिलो. आजी खडीच्या ढिगाजवळ बसली. एका मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवून तिने गाडीतली हातोडी मागितली. "डोळे मिटा रे," म्हणाली आणि एकच घाव. दगडाचे तीन तुकडे! मुलाने करून पाहिलं. सात-आठ घाव घातले, टवकासुद्धा निघाला नाही.

मग आजीने सांगितलं. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, पेरलेलं उगवलं नाही. सरकारने रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली. आजी तेव्हा बारा वर्षांची. आईबरोबर दिवसभर उन्हात खडी फोडायची. खायला परदेशातून आलेली लाल ज्वारी, तिला 'मिलो' म्हणत. कामावर सुकडी मिळायची. "ती म्या निम्मी खायची, निम्मी धाकट्या भावाला पदरात बांधून न्यायची." आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे ना, ते त्याच खडीवरचं. आणि आजीची शाळा? चौथीत सुटली ती तिथेच.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. हा आकडा मला पाठ होता. पण त्यातलं एक माणूस चौदा वर्षं माझ्याच घरात आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!" मी म्हटलं.

"तू कवा इचारलंस?" त्या सहज म्हणाल्या. मला मात्र ते लागलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं मला माहीत होतं, शेजारच्या खोलीतलं नव्हतं.

ती रात्र अन्व्याच्या जुन्या दगडी मंदिराजवळ काढली. सकाळी अजिंठ्याचा घाट उतरलो. ही डोंगररांग म्हणजे पाण्याची वाटणी करणारी भिंतच. दक्षिणेकडचा पाऊस पूर्णेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेकडचा वाघूर नदीतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला!

फर्दापूरच्या फाट्यावर व्हॅन ठेवून बसने लेण्यांपाशी गेलो. चित्रं पाहून मुलं हरखली. आजी मात्र २४ व्या लेण्यात थबकली. ते अपुरंच राहिलंय. कोरताना छिन्नीचे घाव कसे पडत गेले ते तिथे दिसतं. हात न लावता, बोटाने एकेक घाव दाखवत ती म्हणाली, "हे बी हातानंच केलंय. आन् ह्यांचीबी नावं कुणाला ठाव न्हाईत."

घरी आल्यावर व्हॅनची बाकं पुन्हा बसवली. व्हॅन आता रोज शाळेला जाते. पण एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. संध्याकाळी दिवा लावला की मुलगी आपलं पाचवीचं पुस्तक आजीपुढे ठेवते. आजी एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचते. अडली की नात सांगते. पन्नास वर्षांपूर्वी सुटलेली पाचवी चालू आहे! परवा तर आजीने मलाच विचारलं, "बाई, परीक्षा कवा?"

तर मुलांनो, पुढच्या सुट्टीत कुठे जायचं ते ठरवाच. पण निघण्याआधी घरातल्या आजी-आजोबांना एवढं विचारा, "तुम्ही आमच्याएवढे होतात तेव्हा काय करत होतात?" मी विचारायला चौदा वर्षं उशीर केला. तुम्ही नका करू.