उतरंड

आमच्या अकोल्याच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. तळाशी ज्वारीचे मोठे मडके, त्यावर तुरीच्या डाळीचे, आणि शेंड्याला मेथीदाण्यांचे इवलेसे गाडगे. तळातले काही हवे असले की वरचे एकेक मडके उतरवावे लागे. भाचीने मला ‘कॉल स्टॅक’ समजावून सांगितला तेव्हा माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला हाताशी एवढाच दाखला होता आणि तो बराच दूरवर पुरला.

संगणकाच्या कार्यक्रमात एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारते, दुसरे तिसऱ्याला. प्रत्येक हाकेबरोबर स्मृतीत एक चौकट रचली जाते. तिच्यात त्या फंक्शनच्या कामापुरत्या गोष्टी असतात आणि काम संपल्यावर कोठे परतायचे तो पत्ता असतो. कार्यक्रम मध्येच थांबला की डीबगर वरच्या चौकटीपासून एकेक चौकट उतरवीत तळाशी जातो आणि कोणी कोणाला हाक मारली याची यादी देतो. ही उतरंड तो नीट उतरवतो की नाही हे तपासणे हे भाचीचे काम.

तपासण्याची रीत मला मोठी शहाणपणाची वाटली. ती एक छोटा कार्यक्रम लिहिते. त्यात कोण कोणाला हाक मारतो हे तिला आधीच ठाऊक असते, कारण ते तिनेच रचलेले असते. मग आतल्या टोकाला कार्यक्रम थांबवून डीबगरला प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर आपल्या उत्तराशी ताडून पाहायचे. ‘जीडीबी’ या डीबगरच्या चाचण्या अशाच आहेत: प्रश्न आणि अपेक्षित उत्तराचा साचा. सरळ प्रसंगी डीबगर सहसा चुकत नाही, म्हणून ती त्याला आडवेळी गाठते. फंक्शन नुकतेच सुरू झालेले आहे आणि त्याची चौकट अजून उभी राहिलेली नाही, अशा पहिल्याच आज्ञेवर ती कार्यक्रम थांबवते. या आरंभीच्या आज्ञांना त्या शास्त्रात प्रोलॉग म्हणतात आणि चौकट मोडणाऱ्या अखेरच्या आज्ञांना एपिलॉग. नांदी आणि भरतवाक्य! नांदी चालू असताना विचारले तर केवळ तयार चौकटींवर विसंबणारा डीबगर नेमका एक दुवा गाळतो, आणि तोही सर्वांत जवळचा, म्हणजे ज्याने आत्ताच हाक मारली त्याचा. गंमत अशी की यादी तरीही अखंड दिसते. गाळलेल्या जागी खाच राहत नाही.

मी म्हणालो, म्हणजे ही यादी कार्यक्रम इथवर कसा आला याचा इतिहासच की. त्यावर ती हसली. “मामा, तुम्ही उलटं वाचून राह्यले. कुठून आला ते नाही सांगत ती, परत कुठं जायचं आहे ते सांगते.” ज्यांचे काम संपले त्यांच्या चौकटी केव्हाच मोडलेल्या असतात. शिवाय एखाद्या फंक्शनचे शेवटचे काम केवळ दुसऱ्याला हाक मारणे एवढेच असेल, तर कंपायलर पुष्कळदा त्याची चौकट आधीच काढून टाकतो आणि परतीचा पत्ता थेट त्याच्या मागच्याचा ठेवतो. हाक त्यानेच पुढे दिलेली असते, परंतु त्याच्याकडे परतण्याचे कोणाला कारण उरलेले नसते. यादीत त्याचे नाव नसते.

हे ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही. कारण संगणकाचे नव्हते.

१९९४ साली अकोट तालुक्यातल्या एका गावी मी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. गाणारीने सांगितले, ओव्या सासूच्या. सासूला कोणाच्या, तर तिच्या आईच्या. या तीन नावांवर मी मातृपरंपरेविषयी एक निबंध उभा केला. पुढच्या खेपेस ती बाई बोलता बोलता म्हणाली, की सासूच्या आईने सासूला कधी शिकवलेच नव्हते. आईबरोबर दळायला एक मजूर बाई येई, तिच्याकडून त्या पोरीने ओव्या उचलल्या. त्या बाईचे नाव? ते कोणाला आठवत नव्हते. सासूचे आईशी, सुनेचे सासूशी येणे-जाणे, देणे-घेणे शिल्लक होते. तिच्याशी कोणाचेच नव्हते. मी ती गोष्ट वहीत टिपली आणि निबंध होता तसाच राहू दिला.

याच वऱ्हाडात याहून काटेकोर वागणूक सातशे वर्षांपूर्वीची आहे. ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून मिळवल्या आणि नागदेवाचार्यांपुढे पडताळल्या, हे शके १२००च्या सुमाराचे. मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली आणि पाठ वेगवेगळे निघाले. पण ‘वासना’ म्हणून भिन्न पाठ नोंदवून ठेवण्याची रीत त्यांनी पाळली. वि. भि. कोलते यांची १९७८ची आवृत्ती आम्ही वर्गात शिकवत होतो, आणि मी मात्र एका बाईला सफाईने गाळत होतो.

भाचीजवळ आधी ठाऊक असलेले उत्तर असते, समीक्षकाजवळ ते नसते, अशी माझी सबब होती. ती टिकली नाही. दिवाळीत मी बहिणीला विचारले, आईला ओव्या कोणाच्या? “आजीच्या,” ती लगेच म्हणाली. इथले उत्तर मला ठाऊक होते. जात्याच्या दुसऱ्या बाजूला पहाटे शेजारच्या काकू बसत, आणि आई त्यांच्यामागून ओळ उचली; मी अंथरुणात पडून ऐकत असे. माझी पद्धत माझ्याच घरात नापास झाली. ही परीक्षा १९९४ सालीही घेता आली असती.

जीडीबी गळालेला असा दुवा कधी कधी तर्काने भरून काढतो. मध्ये अनेक वाटा संभवत असतील, तर त्या सर्वांना समान असेल तेवढाच भाग तो दाखवतो. चौकट सापडली पण नाव सापडले नाही, तर तेथे दोन प्रश्नचिन्हे ठेवतो.

निबंध आता एका संग्रहात पुन्हा छापला जात आहे. सासू आणि तिची आई यांच्यामध्ये मी दोन प्रश्नचिन्हे घातली होती. मुद्रितशोधकाने जुळाऱ्याची चूक समजून ती काढली. मी ती पुन्हा घालून मुद्रिते परत पाठवली आहेत.