दोन लिप्यांचा एक संगणक

घरी नवा संगणक जोडून घेतला असं सांगितलं की लोक प्रोसेसर कोणता, रॅम किती हे विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा होता. एकाच फाइलमध्ये वरच्या ओळीत मराठी आणि खालच्या ओळीत उर्दू, दोन्ही नीट उमटेल का? मी दोन्ही भाषा शिकवतो. मराठीची प्रश्नपत्रिका कुठेही टाइप होते. उर्दूची करायची तर पुसेगावातून हिंगोली नाहीतर नांदेड गाठावं लागतं, आणि एक नुक्ता चुकला की पुन्हा फेरी.

सुटे भाग आणून जोडलेला संगणक कोरा असतो. विंडोजचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. दुकानात मात्र सहज सांगितलं जातं, "सर, टाकून देतो, पैसे नकोत." पैसे नकोत म्हणजे फुकट नव्हे, दुसऱ्याचा हक मारलेला. वर्गात मुलांना नक्कल करू नका म्हणायचं आणि घरी क्रॅक केलेल्या प्रतीवर नैतिकतेचा धडा टाइप करायचा, हे मला जमणारं नव्हतं. लिनक्स मोफत आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वापरायची, वाटायची परवानगी बनवणाऱ्यानेच दिलेली आहे.

उर्दूचं खरं दुखणं नस्तालिक लिपीत आहे. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेला धरून सरळ चालतात. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे तिरका खाली उतरतो, आणि शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिबांच्या हाताने लिहून छापली जात. 1981 मध्ये नूरी नस्तालिक संगणकावर आलं, 1994 मध्ये भारतातच तयार झालेलं इनपेज आलं आणि उर्दू छपाईचा नूर पालटला. पण इनपेजच्या जुन्या फाइली इतर प्रोग्राममध्ये सहज उघडत नाहीत. मराठीचंही तेच झालं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमधला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर नेला की कखग ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉण्ट कोणताही असो.

डेस्कटॉप निवडताना पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं. काही इन्स्टॉल न करता नमुना चाखता येतो, ही मोठी सोय. ग्नोम देखणा आहे, पण खाली पट्टी नाही, खिडकी लहान करायचं बटण नाही. घरच्यांना सगळं नव्याने शिकवावं लागलं असतं. केडीई प्लाझ्मात हवं ते बदलता येतं, पण सेटिंग्जच्या जंगलात माणूस हरवतो. एक्सएफसीई हलका, जुन्या यंत्राला उत्तम. आमचं यंत्र नवं. शेवटी लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपसह. डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, बेगमना काही सांगावं लागलं नाही. शिवाय मिंटच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. आमच्याकडच्या नेटवर तेवढं उतरवत बसणं परवडत नाही.

मग कीबोर्ड. इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट आणि उर्दू फोनेटिक असे तीन ठेवले, दोन बटणं दाबून बदलता येतात. इथे एक गोष्ट जपा. उर्दूसाठी अरबी कीबोर्ड घेऊ नका. अरबीची 'काफ' आणि 'ये' दिसायला उर्दूसारखीच असली तरी त्यांचे क्रमांक वेगळे. डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो, पण शोधायला गेलं की सापडत नाही. शिवाय टे, डाल, ड़े यांची सोय अरबीत नाही.

लिबरऑफिसमध्येही एक मेख आहे. तिथे मराठी आणि उर्दू दोन्ही 'कॉम्प्लेक्स' लिपींच्या एकाच कप्प्यात बसतात, आणि त्या कप्प्याला मूळ फॉण्ट एकच. देवनागरीचा दिला तर उर्दूला तिची नस्तालिक मिळत नाही. उपाय सोपा: दोन पॅराग्राफ स्टाइल बनवा. 'मराठी' डावीकडून, देवनागरी फॉण्टमध्ये; 'उर्दू' उजवीकडून, नोटो नस्तालिक उर्दूमध्ये, ओळींत थोडं जास्त अंतर ठेवून, नाहीतर वरचे नुक्ते कापले जातात. मराठी स्टाइलची भाषाही मराठीच नेमा. मग ज्या फॉण्टमध्ये सोय आहे, त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात, हिंदीच्या नव्हे.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत चालला. आमच्या घरच्या ट्रंकेत दादांची कागदपत्रं उर्दूत आहेत, माझी मराठीत. मुलगी दोन्ही वाचते, पण मोबाइलवर दोन्ही भाषा रोमन अक्षरांत लिहायची. जी लिपी बोटांतून जाते, ती काही वर्षांत डोळ्यांतूनही जाते. आता ती नानीला उर्दूत चिठ्ठी टाइप करते आणि त्याच टेबलावर मराठीचा निबंध. नानीने पहिली चिठ्ठी छापून घेतली आणि कुराणाच्या जुजदानात ठेवली.

अडचणी आहेत. वर्डच्या फाइलीतले तक्ते कधी हलतात; म्हणून बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवावं. प्रिंटर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का, तेवढं पाहावं.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अनेक घरांत असे चांगले संगणक कापडाखाली पडून असतील. भंगारात घालण्याआधी पेनड्राइव्ह लावा, एक ओळ मराठीत आणि एक उर्दूत लिहून पाहा. दोन्ही नीट उमटल्या, तर त्या यंत्रात अजून जान आहे.