चरबीची गाठ

आईच्या डोक्यावरची गाठ कापायला घेतली त्या दुपारचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तिच्या गळ्याला वीसेक वर्षांपासून गाठ होती. सुई घालून तपासलं होतं, ‘काळजीचं काही नाही’ म्हणाले होते, त्यामुळे घरात कुणी तिचा विचारच करत नसे. डोक्याची गाठ मात्र वेणी घालताना माझ्या हाताला लागली. लिंबाएवढी, मऊ, आणि बोट ठेवलं की आत ठोका लागायचा. तो ठोका मी डॉक्टरांना परत परत सांगितला. “चरबीची गाठ आहे हो, पंधरा मिनिटांचं काम.” साधा एक्स-रेसुद्धा काढला नाही.

चीर दिली आणि धारच लागली. बोळ्यावर बोळा. सिस्टर तळहाताने दाबून धरायची, हात उचलला की पुन्हा रक्त. भूल जागेपुरतीच दिलेली, त्यामुळे आई जागी होती. “काय झालं गं?” विचारत होती आणि रक्त कानामागून ब्लाउजवर उतरत होतं. शेवटी टाके घालून पट्टी आवळली. मग सीटी स्कॅन. गाठीखालचं कवटीचं हाडच पोखरलेलं होतं. हा स्कॅन आधी काढता आला नसता? समोर बसलेल्या बाईचा सुजलेला गळा दिसत नव्हता?

कापलेल्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये थायरॉईडच्या पेशी निघाल्या. “गळ्यातलं डोक्यात कसं जाईल?” मामा विचारत राहिला. थायरॉईडचा फॉलिक्युलर कॅन्सर रक्तातून फुफ्फुसांत, हाडांत पसरतो. बहुधा मणक्यांत, कंबरेच्या हाडांत, कवटीत क्वचित. तिथेही त्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ठोका, म्हणूनच ती धार. आणि हा कॅन्सर साध्या गाठीपासून सुईने वेगळा ओळखताच येत नाही. पेशी गाठीच्या आवरणात किंवा रक्तवाहिनीत घुसल्यात का, हे गाठ काढूनच बघावं लागतं. एवढ्या वर्षांत हे आम्हाला एकानेही सांगितलं नव्हतं.

पुढे आधी गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काढली, नाहीतर औषधातलं आयोडीन तीच ओढून घेते. मग आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीन-131. स्कॅनमध्ये कवटीबरोबर छातीचं मधलं हाडही उजळलं. हाडातला कॅन्सर या औषधाला फुफ्फुसातल्याइतका दाद देत नाही, म्हणून कवटीला रेडिएशनही झालं. कॅन्सर किती उरलाय ते दाखवणारा थायरोग्लोब्युलिनचा आकडा आता बराच खाली आहे. शून्य नाही.

त्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही. पण कापलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला तोही त्यांनीच. ‘चरबीच ती’ म्हणून तो बादलीत गेला असता तर? हे मनात आलं की राग सैल पडतो, आणि ब्लाउजवरचं रक्त आठवलं की पुन्हा चढतो.

गळ्याला जुनी गाठ असेल आणि हाडावर कुठेही नवी आली, तर कुणी विचारो न विचारो, गळा दाखवा. स्कॅनशिवाय सुरी लावू देऊ नका. आणि काढलेली गाठ दिसायला कितीही साधी असो, ती तपासायला पाठवायला लावा. त्या खर्चात काटकसर नको.