धाव

छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, गुडइयरचा टायरांचा मोठा कारखाना आहे. त्याच्या दारावरून मी अनेकदा ये-जा केली. परंतु टायर ही वस्तू समजून घ्यावी असे कधी वाटले नाही. ती समज मला एका पावसाळी रात्री आली आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजली.

आमच्या धर्मग्रामातील वस्त्या वैजापूर-गंगापूरकडील काळ्या मातीत विखुरलेल्या आहेत. उन्हाळ्यात या जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर तीच माती लोण्यासारखी मऊ होते. अशा वाटांसाठी आमच्याकडे जुनी फोर-व्हील जीप आहे. टायर झिजले, तेव्हा तरुण मंडळी म्हणाली, “फादर, या वेळी मोठे टायर घालू. गाडी कुठेच अडणार नाही.” खरे सांगतो, गाडी रुबाबदार दिसेल हा मोह मलाही झाला. लोकांनी वर्गणी दिली. २१५/७५ आर १५ या मूळ मापाऐवजी आम्ही २३५/७५ आर १५ घेतले. उत्पादकाने ते माप मान्य केले आहे की नाही, हेही मी पाहिले नाही.

जुलै २०२३ मधील त्या रात्री फोन आला. एक वृद्ध माउली अत्यवस्थ होती आणि फादरांची वाट पाहत होती. पवित्र तेल घेऊन मी निघालो. डांबरी रस्ता संपल्यावर वस्ती केवळ दोन किलोमीटर उरली होती. अर्ध्या वाटेत टायरांच्या खाचा चिखलाने बुजल्या, चाके गुळगुळीत गोळ्यांसारखी झाली आणि जागच्या जागी फिरू लागली. चपला हातात घेऊन मी चालत पोहोचलो. माउलीने थोड्याच वेळापूर्वी प्राण सोडला होता. तिचा मुलगा एवढेच म्हणाला, “फादर, आई सारखी दाराकडं बघत होती.”

पुढे एका वृद्ध मिस्त्रींनी मला शांतपणे हिशेब समजावला. टायरवरील पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा. आणि शेवटचा रिमचा, इंचांत. आमच्या टायरचा व्यास ७०३ वरून ७३३ मिलिमीटर झाला. म्हणजे गाडी जमिनीपासून उचलली गेली अवघी दीड सेंटिमीटर! उलट, वेगदर्शक ६० दाखवी तेव्हा गाडी साडेबासष्टने धावू लागली, इंजिनाची ओढ कमी झाली, ब्रेकवरचा भार वाढला आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासू लागले. शिवाय आम्ही निवडलेली नक्षी डांबरी रस्त्याची, बारीक खाचांची होती.

“फादर, बैलगाडीचं जुनं चाक आठवा,” ते म्हणाले. “उंच, पण अरुंद. वरचा चिखल कापून खालच्या मुरमावर टेकायचं.” त्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला आपण धाव म्हणतो, लहानपणी लोहाराच्या भट्टीत लाल झालेली धाव चाकावर चढताना मी पाहिली आहे. चिखलाचा थर पातळ असेल तर अरुंद टायर बरा; थर खोल असेल तर रुंद टायर बरा, पण हवा कमी करून, म्हणजे तो पसरून तरंगेल. डांबरावर येताच हवा पुन्हा भरायलाच हवी. आणि दोन्ही वेळी नक्षी हवी मोठ्या, सुट्ट्या ठोकळ्यांची, फिरता फिरता स्वतःच चिखल झटकणारी.

वार्षिक हिशेबाच्या दिवशी मी धर्मग्रामासमोर उभा राहून ही चूक सांगितली. पैसा त्यांचा होता. गाडीला पुन्हा मूळ मापाचे, परंतु ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घातले. हवा भरण्याचा छोटा पंप आता आसनाखाली असतो.

ते टायर आधीच असते तर मी वेळेवर पोहोचलोच असतो, असे मी म्हणणार नाही. काळी माती कोणाला कधी अडवील, सांगता येत नाही. पण वाट कोणती आहे हे न पाहता मी चाक निवडले होते, एवढे खरे. आता रात्री फोन आला की आजाऱ्याची विचारपूस करून मी लगेच दुसरा प्रश्न विचारतो, “वाटेवर चिखल किती खोल आहे?” आणि निघताना त्या माउलीचे दार मला आठवते.