मानेवरचं काळं

मुलीच्या मानेवर काळा पट्टा दिसला की आमच्या मुरबाडकडे पहिला संशय तिच्या आंघोळीवर येतो. मग वजरी निघते. आजीने माझी मान लाल होईस्तोवर घासली, वर लिंबू चोळलं. काळं तसूभर हललं नाही. हलणार कसं? तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन फार झालं की त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. मान, काखा इथली कातडी जाड, मखमली होते आणि काळी दिसते. घासून ती आणखीच राठ होते.

तेच जादा इन्सुलिन बीजांडकोशांनाही भलत्या कामाला लावतं. बाईच्या अंगात एरवी थोडीच असणारी पुरुषी संप्रेरकं वाढतात. हनुवटीवर राठ केस, गालांवर ठसठसणारे फोड, डोक्यावर मात्र विरळ, आणि पाळी दोन-दोन महिने बेपत्ता. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली हे सगळं एका दुखण्यात बसवलं. आज त्याला पीसीओएस म्हणतात. आमच्याकडे अजून प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र टोमणा आहे.

जादा इन्सुलिन ही शुगरची चाहूल, पण मुलगी बारीक असली तर विषयच संपला. काडीसारख्या पोरीला कसली आलीय शुगर! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाटा आपल्या लोकांना असा फसवतो.

२ जानेवारीला आमच्या सिद्धगडाखाली इंग्रजांविरुद्ध लढलेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मारकावर माणसं जमतात. १९४३ साली ते दोघे इथेच गोळ्या लागून पडले. यंदा घोषणांच्या गलक्यात माझी नजर पुढे उभ्या कॉलेजातल्या एका मुलीच्या मानेवर गेली. सकाळचा गारवा सरला तरी ओढणी गळ्याभोवती घट्ट. ती जरा घसरली आणि दिसलं. शेजारी आई होती.

"वजरी लावू नका हो वहिनी. पाळी वेळेवर येते का हिची?"

बाईंनी आधी आजूबाजूचे पुरुष पाहिले, मग मान हलवली. नाही.

शुगर तपासून घ्या, इन्सुलिन खाली आलं की मान हळूहळू उजळते, चालण्याने आणि गोळ्यांनी पाळीही रुळावर येते, असं मी सांगत राहिले. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"जाईन घेऊन. पण स्थळं बघतोय तिला," त्या म्हणाल्या. "केसपेपरवर नाव खरंच लिहावं लागतं का?"