प्रतिशब्द आणि अर्थ

रुग्णालयातून घरी परतताना आपल्या हाती जो कागद येतो, त्यावर आजाराचे नाव इंग्रजीत लिहिलेले असते. घरी पोचताच नातू किंवा सून शब्दकोश उघडते आणि त्या नावासमोरचा मराठी शब्द साऱ्या घराला वाचून दाखवला जातो. वाचकहो, तेथे जो मिळतो तो बहुधा प्रतिशब्द असतो, अर्थ नव्हे. हा भेद किती महागात पडू शकतो, हे मी दवाखान्यात वारंवार पाहतो.

‘हार्ट फेल्युअर’ हेच नाव घ्या. शाळकरी मुलांच्या इंग्रजी-मराठी कोशात ‘फेल्युअर’ या शब्दासमोर अपयश, नापास होणे, बंद पडणे असे काही सापडते. ते जोडले की ‘हृदय बंद पडणे’ तयार. वैद्यकीय कोशातील व्याख्या निराळी आहे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलणे हृदयाला जमेनासे होते, अशी ही अवस्था. हृदय चालूच असते, पण त्याची ताकद अपुरी पडते. फुप्फुसांत व पायांत पाणी साठू लागते. हृदय एकाएकी थांबणे याला ‘कार्डियाक अरेस्ट’ म्हणतात आणि हृदयाची रक्तवाहिनी अडून तेथील स्नायूला इजा होणे म्हणजे ‘हार्ट अटॅक’. या तीन गोष्टींची आपल्या बोलण्यात सर्रास सरमिसळ होते.

माझ्याकडे अनेक वर्षे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या कागदावर ‘क्रॉनिक हार्ट फेल्युअर’ असे लिहिले होते. घरात कोश पाहिला गेला आणि त्यानंतर सगळे हलक्या आवाजात बोलू लागले. परदेशातल्या मुलाला निरोप गेला. म्हातारा माणूस घरातली कुजबुज लगेच ओळखतो. ‘बंद पडलेल्या हृदयाला गोळ्या कशाला?’ असे म्हणून त्यांनी औषधे सोडली, त्यात अंगातले पाणी लघवीवाटे काढणारी गोळीही होती. आठव्या दिवशी पाय सुजून, आडवे झाले की दम लागतो अशा स्थितीत त्यांना पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. ते बरे होऊन घरी आले. मीठ कमी, गोळ्या वेळच्या वेळी आणि रोज सकाळी वजन, हा क्रम त्यांनी पुढे नेमाने पाळला. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले तर डॉक्टरांना कळवायचे, एवढे त्यांच्या सुनेने पाठ केले आहे.

त्या नावातला ‘क्रॉनिक’ हा शब्दही असाच फसवा. अनेकांना तो ‘असाध्य’ किंवा ‘शेवटच्या टप्प्यातला’ असा वाटतो. त्याचा अर्थ केवळ ‘दीर्घकाळ चाललेला’ एवढाच आहे.

मग विश्वासाने पाहावे कोठे? शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उत्तम आहेत, परंतु त्यांचे काम इंग्रजी संज्ञेला मराठी संज्ञा देण्याचे. संज्ञेचा उलगडा त्यांच्याकडून अपेक्षू नये. उलगडा हवा असेल तर मराठी विश्वकोश उघडावा. त्याचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला. त्यातील शरीररचनेचे व रोगांचे वर्णन आजही वाचनीय आहे. उपचारांचा भाग मात्र त्या काळचा समजून वाचावा, कारण औषधे फार झपाट्याने बदलली. घरात इंग्रजी वाचणारे कोणी असेल तर डॉरलंडचा वैद्यकीय कोश आहे किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा ‘मेडलाइनप्लस’ हा सामान्य रुग्णांसाठीचा माहितीसंग्रह आहे. औषध विकणाऱ्याने छापलेल्या पत्रकातली व्याख्या मी तरी कधी प्रमाण मानत नाही.

कोश कितीही चांगला असला तरी शब्दच चुकीचा उतरवला तर तो काय करणार? पक्षाघातानंतर दोन शब्द हमखास कानी पडतात आणि मराठीत दोन्ही ‘डिस्फेजिया’ असेच ऐकू येतात. इंग्रजीत फरक एका अक्षराचा. ‘जी’ असेल तर गिळण्याचा त्रास. ‘एस’ असेल तर बोलण्याचा, शब्द न सुचण्याचा. पहिल्या रुग्णाला पातळ पाणी घाईने पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून त्याचे खाणे-पिणे किती घट्ट असावे हे विचारून घ्यावे लागते. दुसऱ्याला, गिळणे ठीक असल्यास, घरचे वरण-भात चालते. त्याला हवा असतो तो उत्तर देण्यास पुरेसा वेळ.

आपल्या घरगुती शब्दांचीही गंमत आहेच. ‘डॉक्टर, पित्त झाले’ असे कोणी म्हटले की छातीत जळजळ होते, अंगावर गांधी उठल्या, की नुसते डोके दुखते, हे मला विचारावे लागते. यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी बहुधा यातल्या कशाचाच संबंध नसतो! तेव्हा आम्हाला सांगताना आजाराचे नाव न सांगता काय होते ते सांगा.

आणि पुढच्या खेपेस कागद हाती घ्याल तेव्हा आजाराचे नाव डॉक्टरांकडूनच सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. त्याखाली त्यांनी आपल्या भाषेत सांगितलेला अर्थ एका ओळीत स्वतःच्या हाताने लिहा आणि तेथेच त्यांना वाचून दाखवा. दोन मिनिटे लागतात. बाहेर रांग असली तरी तेवढी मागून घ्यायला संकोचू नका.